काका आगरला गेलेत

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा ते घरी होते, आणि नव्हतेही.

नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या कॉलनीतलं ते बैठं घर, वर एकच खोली बांधलेली. बँकेनं माझी बदली उज्जैनला केली होती आणि ती खोली मला कुणीतरी सुचवली होती. फाटक ढकलून आत गेले तर अंगणात, सीताफळाच्या झाडाखाली, एका जुन्या बसमधली ड्रायव्हरची सीट जमिनीत रोवलेली दिसली. तिच्यावर खाकी शर्टातले, पन्नाशीचे एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. हातात धान्य चाळायच्या मोठ्या चाळणीचं कडं. जाळी कधीच गेलेली, नुसतं गोल कडं उरलेलं. ते कडं दोन्ही हातांनी धरून ते सावकाश डावीकडे वळवत होते. समोर जमिनीवर तीन विटा मांडलेल्या. डाव्या पायाचा चवडा पहिल्या विटेवर होता. उजवा पाय नव्हता. पायजम्याचा तो भाग मांडीपाशी दुमडून पिन लावलेली होती.

मी खाकरले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. आतून काकू पदराला हात पुसत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना आवाज नका देऊ. ते आगरला गेलेत. आत्ता घट्टियाच्या पुढं असतील. तुम्ही या आत, चहा घेऊ. ते वापस येतीलच."

मी चहा घेतला, खोली पाहिली, भाडं ठरवलं. काका वापस आले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. त्यांनी कडं झाडाच्या फांदीला अडकवलं, कुबडी काखेत घेतली आणि माझ्याकडे बघून अगदी सहज म्हणाले, "आज घोंसल्याला बाजार भरला होता. त्यात टाइम गेला."

मी त्याच दिवशी सामान आणलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मला त्या अंगणात फार शांत वाटलं, एवढंच.

काकांचे पूर्वज कधीकाळी मराठी सरदाराच्या पागेबरोबर माळव्यात आले. घोड्यांना चाल शिकवायचं त्यांचं काम. काका म्हणायचे, "घोडे गेले, बस आली. आमच्या घराण्यात बाकी काही बदललं नाही." ते एका खासगी बसकंपनीत ड्रायव्हर होते. आगर, बडनगर, नागदा, देवास, सगळे रस्ते त्यांच्या अंगात मुरलेले. मराठी बोलता बोलता ते कधी हिंदीत शिरायचे ते त्यांनाही कळत नसे. आणि रस्त्याबद्दल बोलताना तर त्यांची तिसरीच भाषा असायची. माणसांनाही ते रस्त्यासारखं वाचायचे. समोरचे वकीलसाहेब म्हणजे "चढ दिसत नाही, पण गाडी दमते." माझ्याबद्दल त्यांचं पहिल्याच आठवड्यात मत झालं होतं: "मॅडम चांगल्या आहेत, पण मनातल्या मनात सारखा हॉर्न वाजवतात."

पाय कसा गेला ते मला काकूंनी सांगितलं. कंपनीच्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवलेली होती. मेकॅनिकला काहीतरी आवाज सापडत नव्हता. काका म्हणाले, माझी गाडी आहे, मी ऐकतो, आणि खाली शिरले. जॅक सरकला. इंदूरच्या हॉस्पिटलात त्यांना शुद्ध आली तेव्हा पाय नव्हता.

"पण दुखायचा," काकू म्हणाल्या. "नसलेला पाय. पंजाच दुखायचा, पुढचा. मी हातानं चादर चाचपून दाखवायची, अहो, बघा, इथं काही नाहीये. तर म्हणायचे, तुला नाही दिसणार, ब्रेक दाबून धरलाय मी."

तिथेच, छताकडे बघत, त्यांनी पहिल्यांदा गाडी काढली. डोळे मिटायचे आणि उज्जैनहून निघायचं. एकेक वळण, एकेक पूल, कुठं जांभळाची झाडं, कुठं शाळेची पोरं आडवी येतात. एवढं गेलं की पंजा जरासा सैल व्हायचा. घरी आल्यावर त्यांनी भंगारातून ती सीट आणवली. ज्या गाडीखाली पाय गेला तिचीच ती होती असं म्हणत. काकूंनी विचारलं होतं, तीच कशाला? तर म्हणाले, "तिचा काय दोष? तिला तर मी बरी करायला गेलो होतो."

मी राहायला आले तेव्हा कंपनीनं त्यांना बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलेलं होतं. बसची वेळ आणि जागा सांगायची, इतकंच काम. सकाळी नकली पाय चढवून ते जायचे. त्या पायाला ते 'पाहुणा' म्हणत. "अगं, पाहुण्याला आण जरा," अशी हाक आली की समजायचं, काका बाहेर निघाले.

एकदा मी सुट्टीत देवासला निघाले होते तेव्हा त्या खिडकीसमोर उभी राहिले. माझ्यापुढे एक म्हातारे बाबा होते. त्यांना बडनगरला जायचं होतं. काका त्यांना सांगत होते, "दादा, डावी खिडकी पकडना. धूप नहीं लगेगी. चंबल का पुल आए तो नीचे देखना, पानी हरा रहता है आजकल. इंगोरिया में पाँच मिनट रुकेगी, उतरना मत, चाय ठीक नहीं है वहाँ की. उसके बाद सो जाना, सीधा रास्ता है." बाबा खिडकीला हात टेकून असे ऐकत होते की जणू लेक सासरची हकिगत सांगतेय. मागे रांग वाढत होती, पण कुणी ओरडत नव्हतं. सगळेच थोडे थोडे बडनगरला निघाले होते. बाबांची बस त्यांच्या डोळ्यांदेखत सुटून गेली.

असं फार वेळा व्हायला लागलं. मग एक दिवस कंपनीचे मॅनेजर खिडकीपाशी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आपको टाइम बताना है, कथा नहीं बाँचनी. नहीं होता तो घर बैठिए."

काका घरी बसले.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते धुरकट. काकांनी सीटवर गोणपाट टाकलं. चाळणीचं कडं फांदीला तसंच लटकत राहिलं. वाऱ्यानं हलायचं, एवढंच. ते ओसरीत भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून असायचे. काकूंनी जेवायला बोलावलं तर उठायचे. पायाचं दुखणं परत आलं होतं. वरच्या खोलीत मला त्यांचं दबकं कण्हणं ऐकू यायचं आणि मग काकूंचं काहीतरी हलक्या आवाजात बोलणं. आगरला कुणी जात नव्हतं. सगळं घरच एका जागी थांबलं होतं.

त्याच सुमारास माझी बडनगरच्या वाटेवरच्या एका लहान शाखेत नेमणूक झाली. बसच्या वेळा जुळेनात. मी एक जुनी मोटार घेतली आणि एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा माणूस कानाशी ओरडायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी फ्रीगंजच्या बाजारात गाडी उसाच्या रसाच्या गाड्यावर नेऊन चढवली. कुणाला लागलं नाही, पण मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचं नाव काढलं नाही. गाडी फाटकाशी झाकून ठेवली.

एका दुपारी काकू जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखत. त्या सहसा वर यायच्या नाहीत.

"तुम्ही एक करा नं," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणा, मला गाडी शिकवा."

"काकू, अहो, मला भीती वाटते. आणि त्यांचा पाय..."

"पायानं शिकवतात का कुणी? तुम्ही विचारून तर पाहा. मी म्हटलं तर त्यांना वाटेल, दया करून राहिली."

मी खाली जाऊन विचारलं. काका भिंतीकडेच बघत होते. मग म्हणाले, "ओरडत होता का तो?"

"हो."

"गाडीला ऐकू येत नाही आणि माणसाला जास्त येतं. मूर्ख आहे." ते उठून बसले. "गोणपाट काढा."

मला वाटलं, ते माझ्या गाडीवरच्या कापडाबद्दल बोलतायत. मी फाटकाकडे निघाले तर त्यांनी कुबडीनं झाडाखालच्या सीटकडे दाखवलं.

अशी मी त्यांची पहिली विद्यार्थिनी झाले. रोज बँकेतून आल्यावर मी त्या सीटवर बसायची, कडं हातात घ्यायची, विटांवर पाय ठेवायची आणि डोळे मिटायची. काका शेजारी खाटेवर. त्यांचा आवाज फार हळू असायचा, कानापेक्षा पाठीच्या कण्याला ऐकू यावा तसा.

"कुठं आहे गाडी?"

"फाटकात."

"नाही. फाटकात कशाला राहील? चंबळच्या पुलाच्या अलीकडं आहे. उजवीकडे गहू. हवा येतेय नं? गव्हाला हलवून येतेय. तुम्ही थर्डमध्ये आहात. आराम से. रस्ता कुठं पळून नाही चालला."

मला पहिले काही दिवस नुसता काळोख दिसायचा आणि स्वतःचंच हसू यायचं. मग हळूहळू रस्ता दिसायला लागला. खरंच दिसायचा. दोन्ही बाजूंना निंबाची सावली पडलेली, मध्ये उन्हाची एक पट्टी, लांब कुणीतरी सायकल हाती धरून चाललेलं. मला न सांगताच माझा पाय रेसच्या विटेवरून उचलला जायचा. कधी काकाच दचकून म्हणायचे, "अरे अरे! म्हैस होती ती. तुम्ही तिच्या पोटातून निघून आलात." मग गाडी बाजूला घ्यायची, काल्पनिक म्हशीच्या मालकाची माफी मागायची, पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरू करायचं. माफी मागणं चुकवलेलं त्यांना चालत नसे.

काकू तांदूळ निवडत हे सगळं ऐकत असायच्या. एकदा त्या मध्येच म्हणाल्या, "त्या चहावाल्याकडे थांबा नं, किती वेळ चालवता?" आणि खरा चहा घेऊन आल्या.

मग एका रविवारी काका म्हणाले, "पाहुण्याला आण." आम्ही खऱ्या गाडीत बसलो. ते माझ्या डाव्या बाजूला. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं. त्यांचा आवाज होता, आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले होते.

बडनगर रोड मला ओळखीचा वाटला. मी तिथं इतक्या वेळा जाऊन आले होते की उजवीकडे गहू दिसला तेव्हा नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की त्याला वासही होता. चंबळचा पूल जवळ आला. उतार लागला. आणि समोरून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर, दुसऱ्याला मागे टाकायच्या नादात, सरळ आमच्या बाजूला आला.

मला माझे पाय कुठं आहेत ते कळेना. रसाचा गाडा डोळ्यांपुढं आला.

काका ओरडले नाहीत. स्टिअरिंगलाही हात लावला नाही. त्याच रोजच्या आवाजात म्हणाले, "मी दाबतोय ब्रेक. तुम्हीपण दाबा माझ्याबरोबर. डावीकडे, मातीत. हां. अजून. अजून."

गाडी खाली मातीत उतरली आणि एका बाभळीच्या अलीकडे थांबली. ट्रॅक्टर धुरळा उडवत निघून गेला.

इंजिन बंद पडलं होतं. मी बाजूला बघितलं तर काकांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते खाली, पाहुण्याकडे बघत होते.

"काका, लागलं का?"

"थांबली नं?" ते म्हणाले.

"हो. थांबली."

"मग आता सोडायला हरकत नाही." त्यांनी एक मोठा श्वास सोडला. "त्या दिवशी गाडी सरकली तेव्हा मी ब्रेक दाबला होता. गाडीच्या खाली पडलेला माणूस, ब्रेक कुठला आणि काय कुठलं? पण पायानं दाबला. ड्रायव्हरचा पाय आहे. तेव्हापासून दाबूनच धरला होता त्यानं. गाडी थांबलीच नव्हती नं त्याची."

आम्ही बराच वेळ तिथं बसून राहिलो. पुलाखाली पाणी खरंच हिरवं होतं. एक बगळा काठानं चालत होता आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी विचार करत होता. काका रडत होते का? मी पाहिलं नाही. मी बगळ्याकडे बघत होते.

दुखणं त्या दिवशी कायमचं गेलं असं नाही. थंडीत ते परत यायचं, पण पूर्वीसारखं मुक्कामाला राहायचं नाही.

मी गाडीनं बँकेत जायला लागले तसं कॉलनीत बोलणं सुरू झालं. आधी वकीलसाहेबांच्या सूनबाई आल्या, मग शाळेतल्या एक बाई, मग ज्यांना नवऱ्यांनी शिकवायला घेऊन अर्ध्या रस्त्यात भांडून सोडून दिलं होतं अशा कितीतरी जणी. फ्रीगंजच्या ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी घाबरले होते, तिथला मालकही एकदा येऊन अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, डरने वाले आपके पास भेज दूँ? फीस में आधा हिस्सा आपका." काकांनी होकारार्थी मान हलवली. पुढं त्यानं आपली एक गाडीच या कामाला लावून दिली, डाव्या बाजूला हातानं दाबायचा ब्रेक बसवून. संध्याकाळी अंगणात बायका रांगेनं बसलेल्या असायच्या. एक सीटवर, बाकीच्या डोळे मिटून तिच्या मागं सतरंजीवर, बसमधल्या प्रवाशांसारख्या. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, भजनाला बसल्यात.

एकदा बसकंपनीच्या त्या मॅनेजरांची पत्नीच शिकायला आली. काकू आत जाऊन भांडी आपटायला लागल्या. काकांनी मात्र बाईंना इतरांसारखंच शिकवलं, म्हशींची माफीही मागायला लावली. एका संध्याकाळी मॅनेजर त्यांना न्यायला आले. बाई तेव्हा नागद्याच्या वाटेवर होत्या. त्यांना मध्येच उठवता येईना, म्हणून साहेब अवघडून खाटेच्या कडेला टेकले. काका सांगत होते, कापूस वेचायला आलेल्या बायका, ढगांची सावली, रेल्वेच्या पुलाखाली जमणारी पाखरं. थोड्या वेळानं मी वळून बघितलं तर साहेबांचे डोळे मिटलेले होते. चपला सुटल्या होत्या. बाई उठल्या, पर्स घेतली, तरी ते तसेच. शेवटी डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "नागदा आ गया क्या?"

काका म्हणाले, "अभी नहीं साहब. आराम से."

काकांनी स्वतः मात्र खूप दिवस गाडीला हात लावला नाही. हातानं रेस आणि ब्रेक चालवता येईल अशी सोय करता येते, तसं लायसन्सही मिळतं, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. ते नुसते हसायचे. एकदा मला म्हणाले, "शिकवताना रस्ता मला सोडून जात नाही. खरा हात लावला आणि नाही जमलं, तर मग हेपण जाईल."

तरी पुढं त्यांनी एक जुनी गाडी घेऊन ती हातानं चालेल अशी बदलून घेतली, महिनोन् महिने मोकळ्या मैदानात एकटेच फिरवली, आरटीओत जाऊन परीक्षा दिली. लायसन्स आलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. एका पौषातल्या दुपारी फाटकाबाहेर हॉर्न वाजला, एकदाच, हळू. काका गाडीत बसलेले.

"भैरवगढला जाऊन येऊ," ते काकूंना म्हणाले. "तुला छापाच्या चादरी आणायच्या होत्या नं?"

काकू दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीपण चला." मी मागे बसले. काकू पुढे बसताना दाराशी अडखळल्या, कुठला पाय आधी घालायचा ते त्यांना कळेना. "मी कधी पुढं बसलीच नाही," त्या म्हणाल्या. लग्नानंतरचा सगळा काळ नवरा ड्रायव्हर, पण त्याच्या बसमध्ये त्या बसल्याच तर मागे, बायकांच्या सीटवर, इतर प्रवाशांसारख्या.

काका सावकाश निघाले. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा खाली रेसच्या दांडीवर. पहिल्या चौकात त्यांचा जबडा आवळलेला मला आरशात दिसला. ई-रिक्षा आडव्या येत होत्या, यात्रेकरूंच्या झुंडी फोन वर करून चालत होत्या. ते शहराच्या बाहेरच्या रस्त्याला लागले आणि हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. गाडी हलते आहे हे जाणवू नये अशी चालली होती. काचेतून उबदार ऊन काकूंच्या मांडीवर पडलं होतं. त्या काहीतरी सांगत होत्या, कुठली चादर कुणाला द्यायची, निळी की विटकरी, आणि बोलता बोलताच त्यांचं वाक्य अर्धं राहिलं.

मी पुढे वाकून पाहिलं. त्या झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्या नेहमी कुठल्या तरी कण्हण्याला कान लावून अर्ध्या जाग्या असायच्या. दुपारी खाटेवर पडल्या तरी पापणी हलायची. आता हलत नव्हती.

भैरवगढ आलं. रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या चादरी, रंगाचा ओला वास, ठशांची ठकठक. तेही मागे पडलं.

"काका," मी हळूच म्हणाले, "चादरी राहिल्या."

त्यांनी आरशात माझ्याकडे बघून मान हलवली. डोळ्यांनीच काकूंकडे दाखवलं. पुढे उन्हेलचा रस्ता मोकळा पडला होता, दोन्हीकडे हरभरा. गावाजवळ गतिरोधक आला तेव्हा ते जवळजवळ थांबलेच. आधी पुढची चाकं वर घेतली, मग खाली सोडली, मग मागची, पाळण्यातलं मूल दुसऱ्या खोलीत न्यावं तशी. काकूंची मान जराशी कलंडली आणि काकांच्या खांद्याला टेकली.

त्यांनी खांदा हलू दिला नाही. नुसतं मनगट हलवत गाडी चालवत राहिले.